भरदार ऑस्ट्रेलियन रेड वाइन : चाखायची कशी, गुण द्यायचे कसे

साउथ ऑस्ट्रेलिया राज्यातल्या बरोसा भागातली शिराझ, म्हणजे त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाची रेड वाइन. तिचा पहिला घोट बहुतेकांना आवडतो. पिकलेल्या काळ्या फळांचा रस, थोडं व्हॅनिला, थोडं चॉकलेट, घशाखाली उतरताना ऊब. नावं ठेवायला जागाच नाही. गुण द्यायला बसलं की मात्र घोळ इथूनच सुरू होतो. सहा ग्लास ओळीने मांडा. सगळ्यांत काळी, सगळ्यांत जाड आणि ओकच्या लाकडी पिंपाच्या वासाचा सगळ्यांत जास्त मारा असलेली वाइन पहिल्या फेरीत हमखास वर येते. तासाभराने बघा, तिचाच ग्लास अर्धा तसाच पडलेला असतो. पुढे दिलेली पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे : अशा वाइनला एकदा नाही, दोनदा गुण द्यायचे, आणि दुसऱ्या वेळचे गुण खरे मानायचे.

बाटल्या निवडताना

एका बैठकीला पाच-सहा बाटल्या पुरे. त्याहून जास्त झाल्या की जीभ टॅनिनने, म्हणजे द्राक्षाच्या सालीतल्या तुरट द्रव्याने, बधिर होते आणि शेवटच्या दोघींवर अन्याय होतो. निवड दोन प्रकारे करता येते : एकाच भागातल्या, एकाच वर्षाच्या सहा शिराझ घ्यायच्या, किंवा वेगवेगळ्या भागांतली एकेक घ्यायची. सुरुवात करणाऱ्यांनी दुसरा मार्ग धरावा. फरक मोठे असतात, त्यामुळे पटकन कळतात.

बरोसा व्हॅली अ‍ॅडलेडच्या ईशान्येला, साधारण सत्तर किलोमीटरवर. १८४२ पासून सायलेशियातून आलेल्या लुथरन कुटुंबांनी इथे वस्ती केली आणि द्राक्षं लावली. युरोपातले मळे ज्या फायलॉक्सेरा किडीने उद्ध्वस्त केले, ती साउथ ऑस्ट्रेलियात कधी पोचलीच नाही. म्हणून १८४३ साली लावलेल्या शिराझच्या वेली इथे अजून फळ देतात. लेबलावर नुसतं ‘ओल्ड व्हाइन’, म्हणजे जुनी वेल, दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, त्या शब्दांना ऑस्ट्रेलियात कायद्याची व्याख्या नाही. बरोसातल्या उत्पादकांनी २००९ साली स्वतःपुरती एक सनद केली : ३५ वर्षांपुढची वेल ‘ओल्ड’, ७० पुढची ‘सर्व्हायव्हर’, १०० पुढची ‘सेंटेनेरियन’ आणि १२५ पुढची ‘अ‍ॅन्सेस्टर’. यांतला नेमका शब्द असेल तर त्याला काही अर्थ असतो.

मॅक्लारेन व्हेल अ‍ॅडलेडच्या दक्षिणेला, समुद्राला लागून. इथली शिराझ बरोसापेक्षा जरा मऊ आणि हमखास चॉकलेटकडे झुकणारी. ग्रनाश या दुसऱ्या जातीच्या द्राक्षाची इथली वाइनही जरूर घ्या. साउथ ऑस्ट्रेलियातलंच कूनावारा म्हणजे चुनखडीवर पसरलेल्या लाल मातीचा जेमतेम पंधरा किलोमीटर लांबीचा पट्टा. ‘टेरा रोसा’ या नावाने ती माती जगभर ओळखली जाते. इथली कॅबरने सोव्हिन्यॉन (ही द्राक्षाची आणखी एक जात) कडक अंगाची असते आणि अनेकदा तिला निलगिरीचा वास असतो. व्हिक्टोरियातल्या हीथकोटची शिराझ दाट असूनही तिखट-मसालेदार लागते. आणि टेबलावर एक दांडगट हवाच असेल तर व्हिक्टोरियातल्याच रदरग्लेनची, ड्युरिफ जातीच्या द्राक्षाची वाइन : शाईसारखी काळी, टॅनिनने ठासून भरलेली. न्यू साउथ वेल्समधल्या हंटर व्हॅलीची शिराझ मला फार आवडते, पण ती मध्यम अंगाची असते. या ओळीत बसवली तर बिचारी पाण्यासारखी लागेल. तिची बैठक वेगळी लावा.

लेबलावर भागाचं, द्राक्षाच्या जातीचं किंवा वर्षाचं नाव टाकायचं तर किमान ८५ टक्के वाइन त्यातली असावी लागते. म्हणजे ‘शिराझ’ लिहिलेल्या बाटलीत थोडं दुसरं काही असू शकतं. वर्षाच्या बाबतीत आणखी एक हिशेब लक्षात ठेवायचा : दक्षिण गोलार्धात द्राक्षतोडणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते, त्यामुळे एकाच सालाची ऑस्ट्रेलियन वाइन फ्रेंच वाइनपेक्षा सहा महिन्यांनी मोठी असते. साउथ ऑस्ट्रेलियात २०१० आणि २०१२ ही वर्षं नावाजलेली आहेत, २०११ थंड आणि पावसाळी गेलं. २०२० च्या हंटर किंवा अ‍ॅडलेड हिल्सच्या रेडमध्ये वणव्याच्या धुराचा अंश आहे का, तेही तपासून घ्यावं. विझवलेल्या सिगारेटच्या राखेसारखी चव घोटाच्या शेवटी येते, आणि एकदा आली की जात नाही.

आदल्या तासाभराची तयारी

तापमानाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला थंड युरोपातल्या घरांसाठी होता. पुण्याच्या एप्रिलमध्ये किंवा अ‍ॅडलेडच्या जानेवारीत खोलीचं तापमान ३० अंशांच्या वर असतं, आणि त्या तापमानाला १५ टक्के अल्कोहोलची शिराझ नाकात फक्त स्पिरिट सोडते. १६ ते १८ अंश हवेत. बाटली आधी पुरेसा वेळ फ्रिजमध्ये ठेवली की काम होतं. जरा जास्त गार झाली तर ग्लासात आपोआप चढते. उलटं होत नाही.

सगळे ग्लास सारखे हवेत. तोंडाशी निमुळता, पोटात रुंद, साधा ग्लास चालतो. सगळ्यांना सारखी, ४० मिलिलिटर वाइन. बाटली ७५० मिलिलिटरची, म्हणजे आठ जणांना दोन फेऱ्या देऊनही थोडी उरते, आणि ती उरायला हवीच.

त्या संध्याकाळी घरात अगरबत्ती नको, अत्तर नको, गॅसवर लसणाची फोडणी तर मुळीच नको. खायला साधा पाव किंवा कोरडी पोळी, सोबत पाणी. शेव-चिवडा, लोणचं, चीज सगळं नंतर. चीजमुळे टॅनिन मऊ वाटतं आणि खडबडीत वाइनलाही फुकटचे गुण मिळतात.

नावं झाकल्याशिवाय गुणांना अर्थ नाही. पण नुसता कागद गुंडाळून भागत नाही : शिराझ बहुधा उतरत्या खांद्यांच्या बाटलीत येते आणि कॅबरने सरळ खांद्यांच्या, म्हणजे हातात धरताच जात कळते. शिवाय महागडी बाटली जाड काचेची, वजनदार असते. त्यामुळे यजमानाने सगळ्या वाइन एकसारख्या जगमध्ये ओताव्यात आणि जगांवर आकडे चिकटवावेत. यात वाइनला हवाही लागते. दहा-पंधरा वर्षं जुनी बाटली असेल तर ती एक दिवस आधी उभी करून ठेवायची आणि सावकाश ओतायची; गाळ मानेपर्यंत आला की थांबायचं. क्रम हलकीकडून जडीकडे : ग्रनाश, मग कॅबरने, मग शिराझ, शेवटी ड्युरिफ.

आणि थुंकायचं भांडं. आपल्याकडे चारचौघांत थुंकणं म्हणजे असभ्यपणा, त्यामुळे नवखी मंडळी अवघडतात. प्रत्येकाला एकेक कागदी कप दिला की प्रश्न मिटतो. गणित सरळ आहे : १४.५ टक्क्यांच्या वाइनचे सहा ग्लास, ४० मिलिलिटरचे, सगळे गिळले तर साधारण २७ ग्रॅम अल्कोहोल पोटात जातं. ऑस्ट्रेलियात १० ग्रॅमला एक ‘स्टँडर्ड ड्रिंक’ म्हणतात, म्हणजे ती पावणेतीन झाली; आणि ही फक्त पहिली फेरी. गाडी चालवायची असेल तर ऑस्ट्रेलियात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ आहे, भारतात त्याहून कडक, ०.०३.

गुणांचा तक्ता

ऑस्ट्रेलियातल्या वाइन स्पर्धांची जुनी पद्धत २० गुणांची : रंगाला ३, वासाला ७, तोंडातल्या चवीला १०. १८.५ किंवा जास्त म्हणजे सुवर्ण, १७ पासून रौप्य, १५.५ पासून कांस्य. आता बहुतेक ठिकाणी १०० गुणांची पट्टी वापरतात. तिथे ९५ ला सुवर्ण, ९० ला रौप्य, ८५ ला कांस्य. घरच्या बैठकीला मी २० चीच पट्टी सुचवेन. १०० च्या पट्टीवर माणूस मनात एक आकडा धरतो आणि मग त्याची कारणं शोधतो. २० च्या पट्टीवर तीन वेगळे आकडे लिहावे लागतात, आणि बेरीज अनेकदा आपल्यालाच चकित करते.

रंगात वेळ घालवू नका. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरायचा. तरुण शिराझ गडद जांभळी, कडेला गुलाबीसर. वय वाढेल तशी कड विटकरी होत जाते. दोन-तीन वर्षांच्या वाइनची कड तपकिरी दिसली तर शंका घ्या. गढूळ नसेल आणि वयाला शोभेल असा रंग असेल तर ३ देऊन पुढे जा. ग्रनाश मुळातच फिकट असते, त्याबद्दल तिला शिक्षा नको.

वासाच्या सात गुणांसाठी मात्र सावकाश जा. आधी ग्लास न हलवता एक हुंगणं, मग गोल फिरवून दुसरं. पहिल्यात जे सुटतं ते बहुधा ओक आणि अल्कोहोल. दुसऱ्यात फळ येतं. स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. वास स्वच्छ आहे का? फळ ताजं आहे की शिजलेलं? फळाव्यतिरिक्त काही आहे का?

टिपणं आपल्या नाकाच्या ओळखीच्या शब्दांत लिहा. ब्लॅकबेरी न चाखताच ‘ब्लॅकबेरी’ लिहिण्यात हशील नाही. जांभूळ, पिकलेलं करवंद, मनुका, आमसूल, लवंग, जायफळ, भाजलेलं खोबरं, विड्याची तंबाखू, नवी चामडी चप्पल, ओली शाई. हे सगळं या वाइनमध्ये सापडतं. ओल्या नारळाचा आणि व्हॅनिलाचा ठसठशीत वास आला तर पिंप बहुधा अमेरिकन ओकचं, बरोसाची जुनी सवय. लवंग आणि देवदाराचा, जरा मागे राहणारा वास फ्रेंच ओककडे बोट दाखवतो. ताज्या करवंदाऐवजी मनुका आणि जॅमच येत असेल तर द्राक्षं उन्हात जास्त पिकली. तसं झालं की मी सातातला किमान दीड गुण कापतो, वास कितीही दणदणीत असो.

काळ्या मिरीवरून टेबलावर हमखास वाद होतो. शिराझमधला मिरीचा वास रोटुंडोन नावाच्या संयुगामुळे येतो. ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी तो शोधून काढला, आणि आपल्या काळ्या मिरीतही तोच आहे. गंमत म्हणजे साधारण पाचांतल्या एकाला तो वासच येत नाही. तेव्हा मित्र ‘कसली मिरी?’ म्हणाला तर त्याला मूर्खात काढू नका. थंड भागातल्या, म्हणजे व्हिक्टोरियातल्या ग्रॅम्पियन्ससारख्या ठिकाणच्या शिराझमध्ये तो जास्त असतो.

निलगिरीचंही तसंच. मळ्याच्या कडेला निलगिरीची झाडं असली की तेलाचा अंश द्राक्षांवर बसतो, तोडणीत पानंही येतात, आणि वाइन व्हिक्सच्या डबीची आठवण करून देते. थोडी असेल तर मला ती त्या जागेची सही वाटते. फळ झाकून टाकत असेल तर गुण कापायचे.

दोष ओळखताना

ओल्या पुठ्ठ्याचा, बुरसट गोणपाटाचा वास आणि फळ गायब : बुचाचा दोष, बाटली बाजूला ठेवा. नेल पॉलिशचा किंवा व्हिनेगरचा झोंबरा वास : उडते आम्ल वाढलंय. तबेल्याचा, बँड-एडच्या पट्टीचा वास : ब्रेट नावाचं यीस्ट. यांतलं शेवटचं काही लोकांना अगदी थोड्या प्रमाणात आवडतं, मला नाही.

ऑस्ट्रेलियात फिरकीचं झाकण फार चालतं. २००० च्या सुमारास साउथ ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीत रिझलिंग ही व्हाइट वाइन करणाऱ्यांनी एकजुटीने ते स्वीकारलं आणि मग रेडही तिकडे वळली. त्यामुळे बुचाचा दोष कमी झाला, पण कधीकधी उघडताच विझलेल्या काडीचा, रबराचा किंवा सडक्या अंड्याचा वास येतो. घाबरू नका, जोरात फिरवा, दहा मिनिटं द्या, बहुधा जातो. गेला नाही तर घरातलं स्वच्छ घासलेलं तांब्याचं नाणं किंवा पळी थोड्या वाइनमध्ये बुडवून ढवळा. वास पडला तर तो गंधकाचाच होता. हे फक्त निदान. तो घोट टाकून द्यायचा.

तोंडातले दहा गुण

मोठा चमचाभर घोट, तोंडभर फिरवा, ओठांतून थोडी हवा आत ओढा, आठ-दहा सेकंद धरा, थुंका. मग लगेच लिहू नका. जिभेवर काय उरतं याकडे लक्ष द्या आणि ते किती वेळ टिकतं, म्हणजे वाइनची ‘लांबी’, मनात सेकंदांत मोजा. मोजायचं ते फळ. घशातली आग ही अल्कोहोलची आणि हिरड्यांवरचा लाकडी कोरडेपणा ओकचा, या दोन्ही गोष्टी लांबी म्हणून धरल्या की अख्खा तक्ता चुकतो. फळ दहा-बारा सेकंद टिकलं तर उत्तम; तीन सेकंदांत फळ जाऊन नुसती आग उरली तर दहापैकी ६.५ च्या वर जाऊ नये.

टॅनिन किती आहे यापेक्षा कसं आहे ते बघा. कोऱ्या कडक चहासारखं, कच्च्या केळ्यासारखं ओरबाडणारं की मखमली, बारीक? आंबटपणा सगळ्यांत दुर्लक्षित. या उष्ण भागांत द्राक्ष पिकताना आम्ल उतरतं, म्हणून टार्टारिक आम्ल घालायची तिथे परवानगी आहे आणि ते सर्रास घालतात. नीट मिसळलं असेल तर कळत नाही. नसेल तर गोड फळ एकीकडे आणि लिंबासारखी धार दुसरीकडे, दोघांची ओळखच नाही असं लागतं.

आता गोडीची चाचणी. भरदार रेड गोड ‘वाटते’, कारण पिकलेल्या फळाचा आणि व्हॅनिलाचा वास मेंदूला गोडी सुचवतो. पण काही स्वस्त, खपाऊ रेडमध्ये खरोखरची साखर ठेवलेली असते. नाक चिमटीत धरा आणि घोट घ्या. वासाची वाट बंद झाल्यावर वाइन एकदम कोरडी, तुरट लागली तर गोडी वासाची होती. तरीही जीभ गोड म्हणत असेल तर ती बहुतांशी साखर. अल्कोहोलची किंचित गोडी धरूनही. मी अशा वाइनला १५ च्या पुढे नेत नाही.

दुसरी फेरी

पहिली फेरी संपली की कागद उलटा करा, तासभर गप्पा मारा. वाइन जगमध्येच राहू द्या. मग नव्या क्रमाने, नव्या कागदावर पुन्हा गुण द्या. गेल्या हिवाळ्यातल्या आमच्या मेलबर्नच्या बैठकीतले दोन आकडे देतो. चार वर्षांची बरोसा शिराझ, १५ टक्के : पहिल्यांदा रंग ३, वास ६, चव ८.५, एकूण १७.५. तासाभराने नारळ आणि व्हॅनिला पुढे, फळ मागे, शेवट जळजळीत : ३, ५.५, ७.५, म्हणजे १६. त्याच ओळीतली कूनावाराची कॅबरने पहिल्यांदा मुकी आणि कडक होती, १६.५. तासाभराने करवंद, देवदार, ओल्या मातीचा वास आणि लांबलचक शेवट : १८. म्हणजे रौप्य असलेली कांस्यावर आली आणि कांस्यातली रौप्याच्या वरच्या टोकाला गेली.

वेळ न देता दिलेल्या निकालाचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पेनफोल्ड्स या ऑस्ट्रेलियन कंपनीची ग्रेंज ही वाइन. कंपनीत वाइन करणाऱ्या मॅक्स शुबर्टने १९५० साली फ्रान्समधला बोर्दो हा वाइनचा भाग पाहिला, परत येऊन १९५१ साली शिराझची प्रायोगिक वाइन केली. कंपनीच्या वरिष्ठांना ती पसंत पडली नाही आणि १९५७ साली काम बंद करायचा हुकूम आला. शुबर्टने १९५७, ५८, ५९ ची वाइन लपूनछपून केली. तोवर आधीच्या बाटल्या वयात आल्या, मत पालटलं, आणि १९५५ च्या ग्रेंजने पुढे १९६२ साली सिडनीच्या स्पर्धेत सुवर्णपदक घेतलं. उलटी बाजूही आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर बरोसाच्या अतिदाट शिराझना भरघोस गुण देत होते. मागणी वाढली, अनेकांनी द्राक्षं आणखी पिकू दिली, वाइन आणखी जाड केली. काही वर्षांनी बाजाराला ती चव नकोशी झाली. त्या काळातल्या बऱ्याच बाटल्या आज उघडल्या तर मनुका आणि स्पिरिट, एवढंच उरलेलं असतं.

मतभेद झाले तर सरासरी काढू नका, मधला आकडा घ्या. एखाद्याचा हट्टी ९ किंवा १९ सगळं बिघडवतो. दोघांच्या गुणांत तीनपेक्षा जास्त फरक असेल तर दोघांनी पुन्हा चाखायचं, बोलायचं, आणि पटलं तरच आकडा बदलायचा. हे सगळं नावं उघडण्याआधी.

प्रत्येक बाटलीतला पेलाभर भाग झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या संध्याकाळी तापमानाला आणून चाखा. तरुण, पण नीट बांधलेली वाइन दुसऱ्या दिवशी खुलते. अशीच बाटली दहा वर्षं ठेवायला घ्यावी. जी दुसऱ्या दिवशी सपाट होते ती या महिन्यातच पिऊन टाकायची.

भारतात बैठक लावणाऱ्यांसाठी : भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला आणि ५ अमेरिकन डॉलरच्या वर आयात किमतीच्या बाटलीवरचं १५० टक्के आयातशुल्क १०० वर, १५ डॉलरच्या वरच्या बाटलीचं ७५ वर आलं, दोन्ही दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने आणखी उतरणार आहेत. म्हणजे सूट मधल्या आणि वरच्या बाटल्यांना जास्त आहे, पाच डॉलरच्या आतल्यांना नाही. ओळीत नाशिकची एक चांगली शिराझ गुपचूप घाला. ती कुठे बसते ते बघण्यात मजा आहे.

गुण झाले की जेवायला बसा, पण तांबडा रस्सा नको. मिरचीची आग आणि १५ टक्के अल्कोहोल एकमेकांना पेटवतात आणि दोन्हींची चव जाते. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातलं, बेताच्या तिखटाचं सुकं मटण बरोसाच्या शिराझबरोबर फार छान जातं. मटण न खाणाऱ्यांना निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत द्या, आणि त्याबरोबर मॅक्लारेन व्हेलची ग्रनाश.